काचतंतूंच्या सळया : जाडी कशी ठरवितात?

सिमेंट काँक्रीट हा मनुष्याने आपल्या सोयीप्रमाणे ओतलेला दगड होय. दगडाचे गुण त्याने घेतले आहेत, तसे दोषही घेतले आहेत. त्यावर ओझे ठेवावे तर ते तो निमूटपणे सोसतो. परंतु त्यास ओढावे वा वाकवावे, की तो तडकतो. तुळई भाराखाली किंचित लवते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि तडा जातो तो या ताणलेल्या बाजूस. म्हणून त्या बाजूस लोखंड घालावे व ताण त्यावर सोपवावा, ही युक्ती एकोणिसाव्या शतकात निघाली. जोसेफ मोन्ये या फ्रेंच माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे एकस्व १८६७ साली घेतले. त्या कुंड्यांपासून आजच्या पुलांपर्यंत आणि धरणांपर्यंत या जोडीने मोठी मजल मारली आहे. काँक्रीटने दाब घ्यावा व पोलादाने ताण घ्यावा, असा हा संसार आहे.

या संसारात बिघाड होतो तो पाणी, हवा आणि मीठ यांमुळे. ताज्या काँक्रीटमधील ओलावा अतिशय अल्कधर्मी असतो आणि त्याच्या सान्निध्यात पोलादाच्या पृष्ठावर ऑक्साइडचा एक पातळ संरक्षक थर तयार होतो. हा थर शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही. परंतु समुद्रकाठच्या हवेतील अथवा खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोचले, की तो थर जागोजागी फुटतो व गंज चढू लागतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. सळईभोवती फुगण्यास जागा नसते. तेव्हा काँक्रीटच फुटते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि उघड्या पडलेल्या सळया अधिकच वेगाने गंजतात. मुंबई, चेन्नई किंवा पुरी येथील जुन्या इमारतींच्या सज्जांखाली हे दृश्य पाहण्यासाठी शोध करावा लागत नाही. गोव्यातील मांडवी नदीवरचा पहिला मोठा पूल १९७० च्या सुमारास बांधण्यात आला होता. दोन दशकेही पुरी होण्याच्या आत, जुलै १९८६ मध्ये तो कोसळला. त्यातील ताणलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या.

गंजणार नाही असा पदार्थ सळईसाठी शोधावा, हा विचार त्यामुळे साहजिकच पुढे आला. जस्ताचा मुलामा दिलेल्या, इपॉक्सीचे लेपन केलेल्या आणि स्टेनलेस पोलादाच्या सळया हे त्याच शोधातील टप्पे होत. काचतंतूंची सळई हा त्यांपैकी सर्वांत निराळा मार्ग आहे, कारण तिच्यात लोखंड मुळीच नसते.

सळई कशी बनते?

काच ठिसूळ असते हे प्रत्येकास ठाऊक आहे. पण वितळलेल्या काचेपासून केसाहूनही बारीक तंतू ओढला, तर तो विलक्षण बळकट असतो. काच फुटते ती तिच्या पृष्ठावरील सूक्ष्म चिरांपासून, आणि तंतू जितका बारीक तितकी त्यात मोठी चीर असण्याची शक्यता कमी. असे हजारो तंतू एकमेकांस समांतर ठेवून पातळ रेझीनच्या कुंडातून नेतात, एका तापलेल्या साच्यातून संथ गतीने ओढून घेतात, आणि साच्यातून बाहेर पडताना रेझीन घट्ट होऊन त्यांची एकजीव सळई बनते. काँक्रीटने तिला धरून ठेवावे म्हणून तिच्या अंगावर वाळू चिकटवितात, किंवा तंतूंचा पेड मळसूत्राप्रमाणे गुंडाळतात. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेच्या डी ७९५७ या मानकानुसार सळईच्या वजनात निदान ७० टक्के भाग तंतूंचा असावा लागतो.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. काँक्रीटमधील जी अल्कधर्मिता पोलादाचे रक्षण करते, तीच काचेस खाते. काचेचा तंतू उघडा ठेवला तर काँक्रीटच्या ओलाव्यात तो दुबळा होत जाईल. म्हणून रेझीनचे काम केवळ तंतू एकत्र बांधण्याचे नसून त्यांस ओलाव्यापासून दूर राखण्याचेही आहे. स्वस्त पॉलिएस्टर रेझीन या परीक्षेत टिकत नाही. ते या मानकाने वर्ज्य ठरविले असून व्हिनाइल एस्टर हे रेझीन सामान्यतः वापरले जाते. सळई विकत घेणाऱ्याने तिच्या रंगापेक्षा या गोष्टीची चौकशी आधी करावी. पिवळी, हिरवी वा काळी हे रंग कारखानदाराच्या आवडीचे असतात. त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

अशी सळई त्याच आकाराच्या पोलादी सळईच्या सुमारे एकचतुर्थांश वजनाची असते. ती गंजत नाही, चुंबकास प्रतिसाद देत नाही आणि वीजही वाहून नेत नाही. तिचे तुटण्याचे बल तर पोलादाहून अधिक असते. आणि नेमक्या या शेवटच्या गुणापाशी जाडी ठरविणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो.

सामर्थ्य आणि दृढता

बांधकामाच्या बाजारात एक तक्ता पुष्कळदा दाखविला जातो. त्यात एका रकान्यात पोलादी सळईची जाडी आणि शेजारच्या रकान्यात तिच्या ‘समान बळाची’ काचतंतूंची सळई दिलेली असते, आणि ही दुसरी सळई नेहमी एका आकाराने, कधी दोन आकारांनी बारीक असते. १२ मि.मी. पोलादाऐवजी १० मि.मी. काच, १० ऐवजी ८, असा तो क्रम. तक्त्यातील आकडे खोटे नसतात. ५०० प्रतीच्या पोलादाची १२ मि.मी. सळई घेतली, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ ११३ चौ. मि.मी. भरते व सुमारे ५६ किलोन्यूटन ओढीस ती कायमची ताणली जाऊ लागते. उपरोक्त मानकातील १० मि.मी. काचसळईचे क्षेत्रफळ ७१ चौ. मि.मी. असून ती ५९ किलोन्यूटनपर्यंत तुटता कामा नये, अशी अट आहे. ५६ आणि ५९! तक्ता बरोबर ठरला. परंतु त्यावर विसंबून बांधलेला स्लॅब बरोबर ठरणार नाही.

कारण सळईस विचारावयाचे प्रश्न दोन आहेत. ती किती ओढीस तुटेल, हा झाला सामर्थ्याचा प्रश्न. तुटण्यापूर्वी, रोजच्या भाराखाली, ती किती लांबेल, हा दुसरा प्रश्न दृढतेचा आहे. एखादी वस्तू बळकट असून लवचीक असू शकते. वेताची छडी आणि तितक्याच जाडीचा खडू हातात घेऊन पाहिल्यास हे सहज पटेल : छडी सहसा मोडत नाही पण भरपूर वाकते, खडू वाकत नाही पण झटक्यात मोडतो. दृढतेचे माप शाळेतील विद्यार्थी यंगचा गुणांक या नावाने शिकतात. पोलादाचा हा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आहे. काचतंतूंच्या सामान्य सळईसाठी मानकाने घातलेली किमान मर्यादा ४४.८ गिगापास्कल आहे. म्हणजे तेवढ्याच जाडीची काचसळई तेवढ्याच ओढीस जवळजवळ साडेचारपट लांबते. ६० गिगापास्कल गुणांकाच्या अधिक दृढ सळयाही आता निघाल्या आहेत, तरी पोलादापासून त्या दूरच आहेत.

हे अंतर आकड्यांनी पाहू. तीन मीटर लांबीची सळई उभी टांगून तिला सुमारे दोन टनांचे, म्हणजे २० किलोन्यूटनचे वजन लावले अशी कल्पना करावी. १२ मि.मी. पोलादी सळई २.६५ मि.मी. लांबेल. तक्त्याने सुचविलेली १० मि.मी. काचसळई त्याच वजनास सुमारे १९ मि.मी. लांबेल, म्हणजे सातपट. १३ मि.मी. घेतली तर साडेदहा मि.मी.च्या आसपास, १६ मि.मी. घेतली तर पावणेसात, १९ मि.मी. घेतली तर पावणेपाच. पोलादाइतकेच, म्हणजे २.६ मि.मी. लांबणे हवे असेल, तर २५ मि.मी. व्यासाची काचसळई घ्यावी लागेल! बळाच्या तक्त्याने बारापेक्षा बारीक सळई सांगितली आणि दृढतेच्या हिशेबाने बारापेक्षा दुपटीहून जाड सांगितली. खरे उत्तर या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असते आणि ते शोधणे हेच अभिकल्पकाचे काम होय.

सळई लांबली तर बिघडले काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. सळई काँक्रीटमध्ये रुतलेली असते. ती लांबते तेव्हा तिच्याभोवतालचे काँक्रीट तिच्याबरोबर लांबू शकत नाही, म्हणून त्याला तडे जातात, आणि सळई जितकी अधिक लांबेल तितके हे तडे रुंद होतात व स्लॅब अधिक लवतो. स्लॅब पडणार नाही कदाचित. पण त्याखालचा गिलावा फुटेल, त्यावरील फरशी उखडेल, पावसाचे पाणी मध्यभागी साचेल, दारांच्या चौकटी अडकू लागतील आणि त्या घरात राहणारा माणूस दर रात्री छताकडे पाहत झोपेल. त्यास ‘सळईचे बळ पोलादाइतकेच आहे’ असे सांगून उपयोग नाही.

प्रत्यक्ष स्लॅबचे गणित

१५० मि.मी. जाडीचा स्लॅब घ्यावा. त्यातील सळयांचा मध्य वरच्या पृष्ठापासून १२० मि.मी. खाली आहे, काँक्रीट एम २५ प्रतीचे आहे, आणि १२ मि.मी.च्या पोलादी सळया १५० मि.मी. अंतरावर घातल्या आहेत. तडे गेल्यानंतर अशा स्लॅबची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती छेदाच्या जडत्व परिबलावरून काढतात. पोलादाऐवजी त्याच अंतरावर १० मि.मी. काचसळया घातल्या, तर ही शक्ती सुमारे साडेपाचपट घटते. १३ मि.मी.च्या घातल्या तर सव्वातीनपट घटते. १६ मि.मी.च्या सळया १०० मि.मी. अंतरावर घातल्या तेव्हा कोठे ही घट दीडपटीवर येते. पूर्ण तडकलेल्या छेदाचे हे आकडे आहेत. प्रत्यक्षात दोन तड्यांमधील अखंड काँक्रीट थोडा ताण घेत राहते, म्हणून स्लॅब यापेक्षा कमी लवतो.

आणखीही एक सवलत आहे. पोलादी सळया असताना तड्याची रुंदी साधारणतः ०.३ मि.मी.पेक्षा वाढू देत नाहीत, कारण तड्यावाटे पाणी शिरून सळई गंजते. काचसळईस गंजण्याचे भय नाही. म्हणून तेथे तडा ०.५ ते ०.७ मि.मी.पर्यंत चालतो असे अमेरिकी मार्गदर्शिकांत धरले गेले. त्याच कारणाने सळईवरील काँक्रीटचे आवरणही थोडे कमी करता येते. सळई जितकी तळाशी सरकेल तितका तिचा उपयोग वाढतो, आणि येथे दहा मिलिमीटरसुद्धा मोलाचे ठरतात. मात्र आवरण फार पातळ केले तर सळईच्या पकडीनेच ते चिरते, म्हणून या काटकसरीस सीमा आहे.

या सर्वांचा परिणाम असा, की काचसळईच्या बांधकामात जाडी व अंतर हे दोन्ही बहुतेक वेळा लवणे आणि तडा यांच्या मर्यादांवरून ठरतात. तुटण्याचे बल पाहण्याची पाळी नंतर येते व तेव्हा ते पुरेसे असल्याचेच आढळते. पोलादाच्या बाबतीत अभिकल्पकाचा हात उलट क्रमाने चालतो. जुन्या सवयीने काम करणाऱ्याकडून चूक होते ती येथेच.

सतत ओझ्याचा थकवा

काचेचा आणखी एक स्वभाव आहे, आणि तो तक्त्यात कधीच दिसत नाही. तुटण्याच्या बलाच्या अर्ध्या वा पाऊण ओझ्याने काचसळई आज तुटणार नाही. परंतु तेच ओझे तिच्यावर वर्षानुवर्षे राहिले, तर एखाद्या दिवशी, ओझे तसूभरही न वाढता, ती तुटू शकते. घराचे स्वतःचे वजन, भिंती, पाण्याची टाकी ही अशी कधीच न उतरणारी ओझी होत. पोलादास नित्याच्या तापमानात हा धोका नाही. म्हणून सतत राहणाऱ्या भाराखाली काचसळईतील ताण तिच्या सामर्थ्याच्या लहानशा अंशापुरताच मर्यादित ठेवतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या पूर्वीच्या मार्गदर्शिकेत हा अंश २० टक्के होता. २०२२ साली याच संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ४४०.११ या संहितेत तो ३० टक्के आहे. शिवाय ओलावा व अल्क यांच्या दीर्घ परिणामापोटी मूळ सामर्थ्यातून आधीच १५ टक्के वजा करावयाचे असतात.

१३ मि.मी. सळईचे सामर्थ्य मानकाप्रमाणे दर चौ. मि.मी.स सुमारे ७४४ न्यूटन आहे. त्यातून पंधरा टक्के वजा करावे : ६३२ उरले. त्याचे तीस टक्के घ्यावे : १९०. सातशे चव्वेचाळीसपैकी सतत ओझ्यासाठी हाती राहतात ते इतकेच. मघाच्या टांगलेल्या वजनाकडे पुन्हा वळून पाहिले, तर १० मि.मी. सळईवर दर चौ. मि.मी.स २८० न्यूटनहून अधिक ताण येत होता, आणि तिची सतत ओझ्याची मर्यादा २१२ आहे. म्हणजे ‘समान बळाची’ म्हणून निवडलेली सळई केवळ अधिक लांबते असे नव्हे. ते ओझे कायमचे असेल तर ती सुरक्षितच नाही.

बारीक की जाड?

इतके सर्व वाचून वाचकाचा असा समज होईल की जाड सळई घेतली म्हणजे काम भागले. तसेही नाही. पोलादी सळई जाड असो वा बारीक, तिच्या दर चौरस मिलिमीटरचे बळ जवळपास सारखे असते. काचसळईचे तसे नाही. १० मि.मी. सळईत ते सुमारे ८३० न्यूटन आहे, १६ मि.मी. सळईत ६५०, २५ मि.मी. सळईत ५८०, आणि ३२ मि.मी. सळईत अवघे ५३०. खराट्याच्या काड्यांची जुडी मुठीत धरून दुसऱ्याने ओढावी : तळव्यास लागलेल्या काड्या घट्ट राहतात व मधल्या सरकू पाहतात. काचसळईतही काँक्रीटची पकड बाहेरच्या तंतूंवर असते. तेथून ओढ आतल्या तंतूंपर्यंत पोचावी लागते ती रेझीनमधून, आणि रेझीन काचेच्या मानाने फार मऊ असते. सळई जितकी जाड, तितके आतले तंतू मागे राहतात व बाहेरच्यांवर अधिक भार पडतो.

म्हणून तेवढेच क्षेत्रफळ भरावयाचे असेल, तर थोड्या जाड सळयांपेक्षा पुष्कळशा मध्यम सळया जवळजवळ घालणे सामान्यतः हिताचे असते. दर चौ. मि.मी.चे बळ अधिक मिळते, काँक्रीटशी संपर्काचा पृष्ठभाग वाढतो, आणि एका रुंद तड्याऐवजी अनेक बारीक तडे पडतात. मात्र सळया इतक्याही दाट नकोत की त्यांच्यामधून खडी खाली उतरणार नाही. स्लॅब, फरसबंदी आणि पुलाच्या पृष्ठासाठी १३, १६ व १९ मि.मी. हे आकार पुष्कळदा सोयीचे पडतात ते यामुळेच.

१३, १६, १९ हे आकडे विचित्र वाटतील. इंचाच्या अष्टमांशांनी मोजलेले जुने आकार मिलिमीटरमध्ये मांडल्याने ते तसे झाले आहेत : चार अष्टमांश म्हणजे १३, पाच अष्टमांश म्हणजे १६. भारतीय मानक ब्यूरोने काचतंतूंच्या सळयांसाठी आयएस १८२५६ हे स्वतंत्र मानक २०२३ साली प्रसिद्ध केले. आपल्या देशातील कामासाठी सळई निवडताना आकार व कसोट्या त्यातून पाहाव्यात.

सळईचा व्यास मोजणे हीसुद्धा येथे साधी गोष्ट नव्हे. अंगावर वाळू, वर गुंडाळलेला पेड. कॅलिपर कोठे लावावा? यासाठी प्रयोगशाळेत आर्किमिडीजचीच पद्धत वापरतात. सळईचा लहान तुकडा हवेत व पाण्यात तोलून त्याचे घनफळ काढतात, त्यास लांबीने भागतात, आणि सरासरी क्षेत्रफळ मिळते. १३ मि.मी. सळईचे नाममात्र क्षेत्रफळ १२९ चौ. मि.मी. असले तरी अमेरिकी मानक ११९ पासून १६९ पर्यंतचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ मान्य करते. यास्तव गणितात नेहमी नाममात्र क्षेत्रफळ घेतात आणि सळई किती ओढ सहन करते हे दर चौरस मिलिमीटरवर न सांगता सबंध सळईमागे किलोन्यूटनमध्ये सांगतात. दर चौ. मि.मी.चा मोठा आकडा छापलेली जाहिरात वाचताना तो कोणत्या क्षेत्रफळाने भागून आला, हे विचारणे अवश्य आहे.

आधी काय मोडावे?

पोलादाच्या स्लॅबवर अतोनात भार पडला तर पोलाद तुटण्यापूर्वी पुष्कळ ताणले जाते. स्लॅब खाली झुकतो, मोठे तडे दिसतात आणि लोकांना बाहेर पडण्यास वेळ मिळतो. अभिकल्पक मुद्दाम पोलाद बेताचे घालतात, कारण आधी पोलादानेच हार मानावी अशी त्यांची इच्छा असते. काचसळई कधीच अशी ताणली जात नाही. ती तुटण्याच्या क्षणापर्यंत ओढीच्या प्रमाणातच लांबते व मग एकाएकी तुटते. म्हणून येथे हेतू उलटा ठेवतात : सळया इतक्या भरपूर घालाव्यात की आधी वरच्या बाजूचे काँक्रीट चिरडावे. काँक्रीटचे चिरडणे हे काही सौम्य मरण नव्हे, तथापि सळई तुटण्याच्या मानाने ते कमी आकस्मिक असते. अमेरिकी संहिता तर दोन्ही प्रसंगी अधिक सावध राहते. काँक्रीट आधी चिरडणार असेल तर गणिताने आलेल्या सामर्थ्याचे ६५ टक्केच मोजते, आणि सळई आधी तुटणार असेल तर ५५ टक्केच. सळयांची संख्या वाढण्यास हेही एक कारण होते.

कोठे वापरावी, कोठे नाही

पोलादाहून अधिक क्षेत्रफळ, म्हणून अधिक सळया, म्हणून बहुधा अधिक खर्च. हे सर्व कशासाठी सोसावयाचे याचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर फंडीच्या आखातात जगातील सर्वांत उंच भरती येते. तेथील हॉल्स हार्बर या गावचा धक्का १९९९ साली नव्याने उभारताना त्यात काचतंतूंच्या सळया वापरण्यात आल्या. दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात भिजणे, दोनदा उघडे पडणे, आणि हिवाळ्यात गोठणे ही तेथील दिनचर्या. काही वर्षांनी या व कॅनडातील इतर चार बांधकामांतून काँक्रीटचे गाभे कापून काढून आतील सळया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. पाच ते आठ वर्षांच्या सहवासानंतरही अल्काने काच खाल्ल्याची खूण आढळली नाही. ज्या शंकेमुळे अनेक अभियंते या सळयांपासून दूर होते, तिचे अशा प्रत्यक्ष पुराव्याने पुष्कळसे निरसन झाले. सौदी अरेबियात जीझान येथे वीस किलोमीटरांहून लांब असा पूरनियंत्रणाचा कालवा याच सळयांनी बांधण्यात आला आहे.

भुयारी रेल्वेच्या कामात तर या सळईचा दोष हाच गुण ठरतो. स्थानकाच्या भिंतीतून बोगदा खणणारे यंत्र पार जावयाचे असते. तेवढ्या गोलापुरत्या भिंतीत काचसळया घालतात, कारण यंत्राचे दाते त्या सहज कुरतडतात व पोलादावर मात्र अडतात. चुंबकीय चित्रणाच्या रुग्णालयीन खोल्यांतही लोखंड नसणे हेच महत्त्वाचे असते.

घराच्या बाबतीत अग्नीचा विचार टाळता येत नाही. काचतंतू उष्णता बरीच सोसतात; परंतु त्यांस बांधणारे रेझीन सुमारे १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते आणि सळईची काँक्रीटवरील पकड सुटते. आवरण जाड ठेवून व सळयांची टोके आगीपासून दूर थंड भागात रोवून हा धोका कमी करतात. खांबांत दाबाखाली काचसळईचे सामर्थ्य हिशेबात धरीत नाहीत. भूकंपाची ऊर्जा पोलाद वारंवार वाकून पचविते, तसे काचेस जमत नाही. म्हणून तीव्र भूकंपाच्या प्रदेशात धक्के सोसणाऱ्या चौकटींसाठी अमेरिकी संहितेने तिला मुभा दिलेली नाही. समुद्रापासून दूर, कोरड्या हवेतील साध्या घरासाठी पोलादी सळईच बहुधा शहाणपणाची.

कामाच्या जागी

काचसळई एकदा घट्ट झाल्यावर वाकविता येत नाही. फिटरने नेहमीप्रमाणे बाकावर तिला वाक देण्याचा प्रयत्न केला तर तंतू मोडतात. रिंगा व आकडे कारखान्यातूनच वळवून आणावे लागतात, म्हणून मापांची यादी आधीच अचूक करावी लागते. आणि वळणाशी सळईचे बळ सरळ भागाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरू शकते, तेव्हा रिंगांची जाडी ठरविताना सरळ सळईचा आकडा घेणे चूक होय. तुकडे करण्यासाठी हिरकणी लावलेले करवतीचे पाते वापरतात. पोलाद कातरण्याच्या कात्रीने टोक चिरडते. कापताना काचेची धूळ उडते, म्हणून हातमोजे, चष्मा व नाकावर पट्टी हवी. सळया फार दिवस उन्हात उघड्या ठेवू नयेत.

पोलादी सळया बांधण्यात आयुष्य घालविलेल्या मुकादमासही एका गोष्टीची कल्पना नसते. ओल्या काँक्रीटची घनता पाण्याच्या सुमारे २.४ पट असते आणि काचसळईची सुमारे दुप्पट. पोलाद काँक्रीटमध्ये तळाशी जाऊ पाहते. काचसळई व्हायब्रेटर लावताच वर तरंगू पाहते. तळाशी राहण्यासाठी जी सळई इतका हिशेब करून निवडली, ती ओतकामाच्या अर्ध्या तासात स्लॅबच्या मध्यावर येऊन बसली, तर वरून काहीच दिसत नाही. म्हणून सळयांखाली कव्हर ब्लॉक ठेवण्याबरोबरच सबंध जाळी खालच्या फळ्यांशी ठिकठिकाणी बांधून टाकावी लागते, आणि ओतकाम चालू असताना एक माणूस केवळ तेवढ्याकडे पाहण्यासाठी उभा ठेवावा लागतो.